परदेशी शिक्षण, यजमानांचे घर आणि न लिहिलेला करार

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

पदवीचे निकाल लागले की आमच्या बांदिवड्याच्या घरी चार-पाच पालक तरी येऊन बसतात. मी जर्मनीत शिकून आले आहे हे गावात ठाऊक असल्याने आपल्या मुलाला किंवा मुलीला तिकडे पाठवावे की नाही, याची चौकशी ते करतात. विद्यापीठ कोणते चांगले, खर्च किती येतो, भाषा कितपत यावी लागते, पुढे नोकरी मिळते का, असे प्रश्न ओळीने येतात आणि मला जमतील तशी मी उत्तरे देते. मात्र मूल तिकडे कोणाच्या घरात राहणार, त्या घराशी त्याचा संबंध काय असणार आणि तो संबंध कोणत्या कागदावर लिहिलेला असणार, हे आजपर्यंत एकाही पालकाने मला विचारलेले नाही. माझे तिथले सर्वांत चांगले दिवस आणि सर्वांत वाईट दिवस, दोन्ही याच गोष्टीवर अवलंबून होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या घरीही तो प्रश्न कोणी विचारला नव्हता. गोव्यातच अभियांत्रिकीची पदवी घेऊन, पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या परीक्षा देऊन मी २०२३ च्या ऑक्टोबरात फ्रायबुर्ग येथे ऊर्जाविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी गेले. जाण्यापूर्वीचे सहा महिने बाबांनी एका जाड फायलीत कागद लावण्यात घालवले. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाच्या आधी शैक्षणिक कागदपत्रांची ‘एपीएस’ पडताळणी करून घ्यावी लागते, ती करून घेतली. पहिल्या वर्षाच्या निर्वाहाची रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरली. तेव्हा ती ११,२०८ युरो होती, सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो झाली असून तिकडे पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरोच हाती येतात. फ्रायबुर्ग ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, तिथे २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठातही दर सत्राला १,५०० युरो शुल्क पडते, त्याचीही तजवीज केली. आरोग्य विमा, जन्मदाखला, छायाचित्रे, मुंबईच्या जर्मन वकिलातीच्या कक्षेतला व्हिसा अर्ज, सारे तीनदा तपासले गेले. राहण्याची जागा मात्र एका ई-मेलने आणि एका व्हिडिओ कॉलने ठरली, आणि घरमालकीण सत्तरीच्या पुढची आहे, एकटी आहे आणि चेहऱ्यावरून प्रेमळ दिसते, एवढ्यावर आईने समाधान मानले.

माझे नशीब चांगले, की ते पहिले घर एका व्यवस्थेमार्फत मिळाले होते. जर्मनीतील अनेक विद्यापीठनगरांत ‘वोनेन फ्यूर हिल्फे’, म्हणजे मदतीच्या बदल्यात निवारा, नावाची योजना चालते. मोठ्या घरात एकटी राहणारी वृद्ध माणसे किंवा लहान मुलांची कुटुंबे विद्यार्थ्याला खोली देतात, आणि भाडे घेण्याऐवजी खोलीच्या दर चौरस मीटरमागे महिन्याला एक तास घरकामात मदत घेतात. वीज, पाणी आणि घर तापवण्याचा खर्च तेवढा विद्यार्थ्याने द्यायचा असतो. आजारी माणसाची शुश्रूषा या कामांत धरलेली नसते. फ्रायबुर्गमध्ये विद्यार्थ्यांच्या निवास-भोजनाची व्यवस्था पाहणारी ‘श्टुडिएरेंडेनवेर्क’ ही सार्वजनिक संस्था ही योजना चालवते आणि दोन्ही बाजूंकडून आधी लेखी करार करून घेते.

माझी खोली चौदा चौरस मीटरची होती, म्हणून माझ्यावर महिन्याचे चौदा तास होते. बागेतली पाने गोळा करणे, आठवड्याची खरेदी आणणे, तळघरातून जड वस्तू वर काढणे, संगणकावर आलेली सरकारी पत्रे वाचून दाखवणे, अशी ती कामे होती. स्वयंपाकघरातल्या खणात एक वही असे. एका रकान्यात मी तारीख आणि तास लिही, दुसऱ्यात आजी आद्याक्षर घालत. (त्यांना मी इथे आजीच म्हणते, त्यांच्यासमोर मात्र पहिले दोन महिने ‘झी’ म्हणजे आपल्या ‘आपण’सारखे आदरार्थी संबोधन वापरत होते, आणि मग एका संध्याकाळी त्यांनीच ‘दू’ म्हण, असे सांगितले. तिकडे हा ‘तू’ वयाने मोठ्या माणसाने द्यायचा असतो, धाकट्याने घ्यायचा नसतो.) सुरुवातीला ती वही पाहून मला वाईट वाटले होते. आपल्या घरी आलेल्या मुलीच्या कामाचे तास कोण मोजते, असे मी आईला फोनवर म्हणाले आणि आईलाही ते कोरडेपणाचे वाटले. त्या वहीचे मोल मला कळायला दुसरे घर पाहावे लागले.

वहीत तास पूर्ण झाले की मी मोकळी असे. परीक्षेच्या दिवसांत आजी स्वतःहून म्हणत, या महिन्यात सहाच तास कर, उरलेले पुढे भरून काढ, आणि तेही वहीत लिहिले जाई. उलट, कराराबाहेर जे घडले ते आम्ही दोघींनी मनापासून दिले आणि घेतले. चवथीच्या दिवशी मी खोलीच्या दारावर सफरचंदे, मक्याची कणसे आणि बागेतल्या दोन-तीन जंगली फळांचे घोस दोरीने बांधून माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळांची सजावट) केली तेव्हा शिडी धरून त्या उभ्या होत्या. ती शिडी वहीत आली नाही. त्यांच्या बहिणीच्या अंत्यविधीला मी त्यांच्याबरोबर दोन गाड्या बदलून गेले, तेही वहीत आले नाही. काम कुठे संपते हे दोघींनाही नेमके ठाऊक होते, म्हणूनच त्याच्यापुढचे सारे प्रेमाचे होते, याविषयी दोघींच्याही मनात संशय नव्हता.

घराचे नियमही त्यांनी दोन पानांवर लिहून दिले होते. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. रविवारी दिवसभर व्हॅक्यूम क्लिनर लावायचा नाही, की बाटल्या काचेच्या पेटीत टाकायला जायचे नाही. ओला कचरा, कागद, पिवळ्या पिशवीतले प्लास्टिक आणि उरलेला कचरा वेगवेगळा. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर दुकानात २५ सेंट अनामत घेतात, ती बाटली परत नेऊन द्यायची. आणि हिवाळ्यातसुद्धा दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर बंद घरात दमटपणा साचून भिंतींना बुरशी धरते. हे शेवटचे वाचून इतर मुलांना हसू येई. मला मात्र जून-जुलैत आमच्या कपाटांतल्या चपलांवर येणारी पांढरी लव आठवली आणि मी ते लगेच मानले. मासळीचा प्रश्नही असाच सुटला. हुमण शिजवल्यावर तीन दिवस पडद्यांना वास राहतो, हे त्यांनी मला न चिडता सांगितले. शनिवारी दुपारी, दार लावून आणि खिडकी उघडून, असा वार ठरला. आणि नंतर आजीच आमसुले घातलेली ती कढी बशीतून मागून घेऊ लागल्या.

आता दुसऱ्या घराविषयी. त्या गावाचे किंवा कुटुंबाचे नाव देण्याचे कारण नाही, कारण ती माणसे दुष्ट नव्हती, आणि मला सांगायचे आहे ते त्यांच्या स्वभावाविषयी नाही. माझ्या अभ्यासक्रमात सहा महिन्यांची सक्तीची इंटर्नशिप होती. ती मार्च २०२५ पासून एका लहान गावातल्या कंपनीत मिळाली, म्हणून फ्रायबुर्गची खोली मी सोडली. त्या गावात विद्यार्थ्यांचे वसतिगृह नव्हते आणि मदतीची ती योजनाही नव्हती. दोन लहान मुलांच्या एका कुटुंबाने खोली देऊ केली. भाडे ठरले, आणि बाकीचे काय, असे विचारल्यावर त्यांनी हसून सांगितले, की तू आमच्या घरच्यासारखीच राहा, कागद कशाला हवा? ते ऐकून मला फार बरे वाटले. फोनवर बाबांना सांगितले तेव्हा त्यांनाही बरे वाटले, कारण वहीवाल्या आजींपेक्षा ही माणसे आपल्यासारखी वाटली.

घरच्यासारखी राहणे म्हणजे काय, हे त्यांच्या आणि माझ्या मनात वेगवेगळे होते, आणि दोन्हीपैकी एकही कुठे लिहिलेले नव्हते. पहिल्या आठवड्यात मी मुलांना एकदा गोष्ट सांगून झोपवले, कारण मला ती मुले आवडली होती. महिन्याभरात आठवड्यातल्या चार संध्याकाळी मुले माझ्याकडे असत, आणि नवरा-बायको आपापल्या कामाला जात. मी पूर्ण भाडे देत होते, दिवसा कंपनीत आठ तास काम करत होते, आणि इंटर्नशिपचा अहवाल रात्री अकरानंतर लिहीत होते. नाही कसे म्हणायचे, हे मला कळत नव्हते. पाहुणचार घेणाऱ्याने तक्रार करू नये, हे आपल्या रक्तात असते. मुले सांभाळण्यासाठी परदेशी तरुणींना घरी ठेवण्याची ‘ओ पेअर’ नावाची वेगळी व्यवस्था जर्मनीत आहे, तिला वेगळा व्हिसा लागतो, आणि तिथेसुद्धा दिवसाला सहा व आठवड्याला तीस तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही, खोली व जेवण फुकट द्यावे लागते आणि महिन्याला २८० युरो हातखर्च द्यावा लागतो. मी तशी आलेली नव्हते. विद्यार्थिनी म्हणून आलेल्या मुलीकडून भाडेही घ्यायचे आणि मुलेही सांभाळून घ्यायची, हे या दोन्हींपैकी कोणत्याच व्यवस्थेत बसत नाही. त्या वेळी मला हे माहीत असते, तर मी ते शांतपणे सांगू शकले असते असे मला आजही वाटते.

याहून मोठी अडचण पत्त्याची झाली. जर्मनीत नव्या घरी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी, ही व्यक्ती माझ्या घरात राहते, असे घर देणाऱ्याने लिहून द्यावे लागते. नोव्हेंबर २०१५ पासून ते लिहून देणे घर देणाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे. थोड्या महिन्यांसाठी तो खटाटोप कशाला, असे यजमानांचे म्हणणे पडले. पण माझी आधीची खोली सुटलेली होती, माझ्या निवास परवान्याची मुदत त्याच उन्हाळ्यात संपत होती, आणि मुदतवाढीचा अर्ज नोंदलेल्या पत्त्यावरूनच करायचा होता. पोस्टपेटीवर माझे नाव लावायचेही राहून गेले होते, आणि तिकडे पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. बँकेचे एक महत्त्वाचे पत्र तसे परत गेले. सहा आठवडे मी रोज संध्याकाळी तोच विषय काढायचा की नाही, या विचारात घरी येत असे. शेवटी फ्रायबुर्गच्या त्याच विद्यार्थी संस्थेच्या सल्ला कक्षाने, जिथे सल्ल्याचे पैसे घेत नाहीत, मला एका पत्राचा मसुदा करून दिला. ते पत्र दिल्यावर दुसऱ्याच दिवशी सही मिळाली. यजमानांना वाईट वाटले, मलाही वाटले. पुढच्या महिन्यात कंपनीतल्या एका सहकारी बाईंच्या ओळखीने मला दुसरी जागा मिळाली आणि मी बाहेर पडले. निघताना थोरली मुलगी रडली, ते मला अजून आठवते.

आपल्याकडे दुसऱ्याच्या घरात राहून शिकण्याची परंपरा नवी नाही. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, असे वार ठरलेले असत. त्या काळातल्या हालअपेष्टांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण वार ठरलेला असे, घर ठरलेले असे आणि एका जेवणाच्या पलीकडे त्या घराचा विद्यार्थ्यावर किंवा विद्यार्थ्याचा घरावर हक्क नसे, हेही लक्षात घ्यायला हवे. परदेशातल्या यजमान घराचे आपल्यापुढचे सर्वांत थोर उदाहरण तर आनंदीबाई जोशींचे आहे. त्या १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, पती बरोबर नसताना अमेरिकेला गेल्या आणि न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या. आपण त्या प्रवासाचे धैर्य सांगतो आणि ते सांगायलाच हवे. परंतु कार्पेंटरबाईंचे पहिले पत्र १८८० साली आले होते, आणि जहाजावर पाय ठेवण्यापूर्वी त्या दोघींमध्ये जवळजवळ तीन वर्षे पत्रव्यवहार झाला होता, हे आपण सांगत नाही. एकमेकींच्या चालीरीती, सण आणि मते त्यांनी त्या पत्रांतून जाणून घेतली होती. पुढे १८८७ साली पुण्यात आनंदीबाईंचा मृत्यू झाल्यावर त्यांच्या अस्थी याच कुटुंबाकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर घराण्याच्या स्मशानभूमीत त्या ठेवल्या गेल्या. एवढे गाढ नाते तीन वर्षांच्या पत्रांवर उभे होते. आज जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात क्षणात निरोप पोचतो, आणि आमचे घर एका व्हिडिओ कॉलवर ठरते.

इंटर्नशिपविषयीही थोडे लिहिते, कारण एजंट मंडळी यात मुलांची सर्वांत अधिक दिशाभूल करतात असा माझा अनुभव आहे. मार्च २०२४ पासून जर्मनीत परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. पूर्वी ही मर्यादा १२० आणि २४० होती. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप या दिवसांत मोजली जात नाही, पण तिला किमान वेतनाचा कायदाही लागू होत नाही. स्वेच्छेने केलेली, तीन महिन्यांपेक्षा अधिक चालणारी इंटर्नशिप असेल तर किमान वेतन द्यावे लागते. २०२५ साली ते तासाला १२.८२ युरो होते. म्हणजे इंटर्नशिपच्या पगारात घरभाडे सहज निघेल, हे एजंटचे वाक्य कोणत्या इंटर्नशिपविषयी आहे, हे पालकांनी तिथल्या तिथे विचारावे. माझ्या कंपनीने दिलेले मानधन भाड्याला आणि रेल्वेच्या पासाला पुरले, जेवणाला पुरले नाही. तिथले काम मात्र चांगले होते आणि शिकवणारी माणसेही चांगली होती, याबद्दल मला काही म्हणायचे नाही.

भाड्याचा आकडा ऐकतानाही एक गोष्ट विचारावीच लागते. तिकडे ‘थंड भाडे’ आणि ‘गरम भाडे’ असे दोन शब्द आहेत. थंड भाडे म्हणजे नुसत्या जागेचे; पाणी, कचरा आणि घर तापवणे यांचा खर्च मिळवला की ते गरम होते, आणि वर्षाअखेर प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब होऊन आणखी रक्कमही मागितली जाऊ शकते. रेडिओ-दूरदर्शनची सक्तीची वर्गणी महिन्याला १८.३६ युरो असते, पण ती माणशी नसून घरटी असते. यजमान ती भरत असतील तर त्याच घरातल्या विद्यार्थ्याने ती वेगळी भरायची नसते. किल्ली हरवली तर काही इमारतींत सगळी कुलुपे बदलण्याचा खर्च अंगावर येतो, म्हणून आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा तिकडची बहुतेक माणसे काढतात आणि विद्यार्थ्यानेही तो काढावा.

गोव्यातून आज मुले अनेक देशांत जातात. ज्यांच्या घरी १९ डिसेंबर १९६१ पूर्वीच्या जन्माच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व आहे, त्यांना युरोपीय संघात व्हिसा आणि ब्लॉक्ड अकाउंट यांची चिंता नसते, आणि लिस्बन किंवा कोइंब्रा इथे ओळखीचे कोणीतरी असतेच, असे ते मानतात. इंग्लंडमध्ये २०२१ पासून युरोपीय संघाच्या नागरिकांनाही सर्वसाधारणपणे परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क भरावे लागते, तेव्हा त्या पारपत्राचा तिथला आधार आता उरलेला नाही. पण पारपत्र कोणतेही असले तरी स्वयंपाकघर दुसऱ्याचेच असते, आणि ओळखीच्या माणसाच्या घरी तर कागद मागणे अधिक अवघड जाते. माझ्या परिचयाच्या एका मुलाला स्वतःच्या दूरच्या नातलगांकडून याच कारणाने मध्यरात्री सामान घेऊन निघावे लागले.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे, आणि तिला खर्च फारसा नाही. गोवा विद्यापीठाने आणि परदेशी संस्थांशी देवाणघेवाणीचे करार असलेल्या आपल्या महाविद्यालयांनी, विद्यार्थी यजमान घरात राहणार असेल तेव्हा विद्यार्थी, यजमान आणि संस्था अशा तिघांच्या सहीचा दोन पानी कागद निघण्यापूर्वीच करून घ्यावा. भाडे किती आणि त्यात काय-काय धरले आहे, घरात मदत करायची असेल तर महिन्याला किती तास, जेवण कोणाचे आणि स्वयंपाकघर केव्हा मोकळे, पाहुणे येऊ शकतात का, पत्त्याच्या नोंदीचा कागद यजमान कधी देणार, किती दिवसांची सूचना देऊन दोघांपैकी कोणालाही हे संपवता येईल, आणि बिनसले तर फोन कोणाला करायचा, एवढे त्यात असले तरी पुष्कळ झाले. शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परक्या देशात रात्री साडेअकरा वाजता, आई-बाबांची झोप न मोडता, ज्याला फोन करता येईल असे एक माणूस हवे.

गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना अनेक घरांना आधार देते. त्या कर्जाच्या अर्जासोबत प्रवेशपत्र आणि शुल्काचा तपशील जोडावा लागतो. त्याच वेळी निवासाचा कागदही मागितला, तर पालक आपोआप तो विषय आधी काढतील. आणि परत आलेल्या विद्यार्थ्यांची वर्षातून एकदा, जून-जुलैत, जाणाऱ्या विद्यार्थ्यांशी गाठ घालून द्यावी. एजंटच्या कार्यालयात भिंतीवर मनोरे आणि पूल यांची छायाचित्रे असतात. रविवारी वॉशिंग मशीन लावू नकोस, हे तिथे कोणी सांगत नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण आपणही यजमान आहोत. ताळगाव, बांबोळी, फोंडा या परिसरात कितीतरी घरे बाहेरून शिकायला आलेल्या मुलांना खोल्या देतात, त्यांत परदेशी मुलेही असतात. परदेशी नागरिकाला घरात उतरवून घेतल्यावर २४ तासांत ठरलेला फॉर्म भरून त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, पण हे ठाऊक नसलेली किंवा ठाऊक असून टाळाटाळ करणारी घरे मला माहीत आहेत. पत्त्याच्या एका सहीसाठी सहा आठवडे वाट पाहिलेली असल्याने, त्या मुलांना काय वाटत असेल याची मला कल्पना आहे. आमच्याकडे दिवाणखान्यात बसवून चहा, शेव-चिवडा देण्यात आपण कमी पडत नाही. पाणी किती वाजता जाते, वीज गेल्यावर काय करायचे, देवघरात कुठपर्यंत यायचे, रात्री फाटक केव्हा लागते, हे मात्र त्या मुलांना चुका करून कळावे लागते.

फ्रायबुर्गच्या आजी या डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे येणार आहेत. मी त्यांना दोन पाने लिहून पाठवली आहेत. पहाटे पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजतो तेव्हा घाबरू नका, मच्छरदाणी अमुक वेळी सोडा, म्हाळसेच्या देवळात जाताना हे वस्त्र चालते, बाबांना दुपारी दोन ते चार झोप लागते, आणि जेवणाला नको म्हणायचे असेल तर आईला आदल्या रात्री सांगा, असे त्यात आहे. आईला पाहुण्याला नियम लिहून पाठवणे प्रथम बरे वाटले नाही. मग तिनेच एक ओळ घालायला सांगितली, की स्वयंपाकघरात तिखटाच्या डब्यावर लाल फीत बांधलेली आहे.

तयारी म्हणून मी दोन्ही घरांतले माझे अनुभव आणि वर सांगितलेल्या कागदाचा मराठी मसुदा लिहून ठेवला आहे. फोंडा, डिचोली, मडगाव किंवा म्हापसा येथील कोणत्याही महाविद्यालयाने बोलावल्यास शनिवारी दुपारी येऊन तो समजावून सांगण्याची माझी तयारी आहे, त्यासाठी कोणतेही मानधन नको. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. विचारणा करणाऱ्या संस्थांना तो कळवावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक,
बांदिवडे, फोंडा – गोवा